फॉरमॅट मारण्याआधी

‘गिल्ड वॉर्स’ हा ऑनलाइन खेळ तयार करणाऱ्या अरीनानेट कंपनीतल्या प्रोग्रामर मंडळींना काही तक्रारींचा उलगडाच होत नव्हता. खेळ मध्येच बंद पडायचा, पण ज्या ओळीवर तो पडल्याचा अहवाल यायचा तिथे चूक सापडायची नाही. शेवटी कंपनीच्या संस्थापकांपैकी माइक ओब्रायन यांनी खेळातच एक छोटी चाचणी घातली. खेळ चालू असताना ती मेमरीचा एक तुकडा घ्यायची, त्यात ठरावीक गणितं करायची आणि आलेली उत्तरं तयार कोष्टकाशी ताडून पाहायची. शंभरातला सुमारे एक कॉम्प्युटर या गणितात नापास झाला. कारणं साधी होती. कुणी प्रोसेसर ताणून जास्त वेगाने चालवत होतं, कुठे पॉवर सप्लाय दुबळा होता, कुठे पंख्यात धूळ साचून मशीन तापत होतं.

अशा मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला गेलं तर काय होतं? इन्स्टॉलर घट्ट दाबून भरलेल्या हजारो फाइली मेमरीत उलगडतो. रॅममधला एक बिट जरी उलटला तरी हिशेब जुळत नाही आणि पडद्यावर संदेश येतो, की फाइल खराब आहे. माणूस बिचारा पेन ड्राइव्ह पुन्हा तयार करतो, दुसरा आणतो, पुन्हा फॉरमॅट मारतो. खरा गुन्हेगार मात्र रॅमच्या खाचेत निवांत बसलेला. त्याहून वाईट म्हणजे इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडणं. मग फोटो आणि हिशेबाच्या फाइली महिनोन्‌महिने गुपचूप बिघडत राहतात आणि तशाच बॅकअपमध्येही जातात.

गूगलच्या सर्व्हरांवरचा 2009 सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. वर्षभरात तिथल्या 8 टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये किमान एक चूक नोंदली गेली. सर्व्हरमधली रॅम अशा चुका ओळखून दुरुस्त करणारी असते. घरगुती मशीनमध्ये सहसा ती सोय नसते.

म्हणूनच इन्स्टॉलरमध्ये हार्डवेअरची ताण-चाचणी हवी, अर्थात ऐच्छिक. याहून योग्य वेळ मिळणं कठीण आहे: डिस्क रिकामी, वॉरंटी बहुधा चालू आणि मशीनचा मालक समोर बसलेला. जुन्या लिनक्समध्ये याची चुणूक होती. स्लॅकवेअरचा इन्स्टॉलर डिस्क फॉरमॅट करताना खराब भाग शोधायचे का, हे आजही विचारतो. उबंटूच्या सीडीवर मेमरी तपासण्याचा पर्याय असायचा. नंतर मशीनं यूईएफआय या नव्या फर्मवेअरवर गेली, त्या पर्यायामागच्या मेमटेस्ट86+ या प्रोग्रामची जुनी आवृत्ती त्यावर चालेना आणि तिथे तो पर्याय दिसेनासा झाला. 2022 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने ती अडचण दूर केली. विंडोजमध्येही व्हिस्टापासून मेमरी तपासणी आहे, पण इन्स्टॉलेशनच्या वाटेवर ती कुणाला आपणहून भेटत नाही.

सक्ती मात्र नको. भरपूर रॅम असलेल्या मशीनची पूर्ण तपासणी काही तास खाते आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असताना एवढा वेळ कोण देणार? पाच मिनिटांची झटपट फेरी आणि रात्रभराची सविस्तर, असे दोन पर्याय पुरेत. प्रोसेसरवर ताण देताना तापमान पाहायचं, हद्द ओलांडली की थांबायचं. लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावायला सांगायचं. एक मर्यादाही लपवू नये: इन्स्टॉलर ज्या मेमरीत स्वतः बसलेला असतो, ती त्याला तपासता येत नाही. त्यासाठी सिस्टीम सुरू होण्याआधी चालणारी मेमटेस्टच लागते. शिवाय पास झालेलं मशीन निर्दोषच असतं असं नाही. काही दोष दुपारच्या उन्हातच डोकं वर काढतात.

नापास झालं तर? ‘त्रुटी आढळली’ एवढ्यावर भागणार नाही. रॅम, डिस्क की उष्णता, हे सरळ सांगावं. रॅमचा दोष असेल तर एकेक पट्टी काढून पुन्हा तपासायला सुचवावं. दोषी पट्टी सापडली की ती वॉरंटीत बदलून मागता येते. वॉरंटी संपली असेल तरी लिनक्सवर एक वाट उरते. मेमरीतले ठरावीक खराब पत्ते वगळून चालण्याची सूचना ग्रब या बूटलोडरमार्फत देता येते. आज ती ओळ माणसाला स्वतः लिहावी लागते. चाचणी इन्स्टॉलरनेच घेतली असेल तर ते पत्ते त्याच्या हाताशीच असतात.