खान्देशाचा जोडस्तंभालेख, ब्राउझरमध्ये

सातवीच्या गणितातला जोडस्तंभालेख शिंदखेड्यातला मुलगा आलेखकागदावर बिनचूक काढतो. तोच ब्राउझरमध्ये कोड लिहून काढ म्हटलं, की त्याला पुण्याचा क्लास, महागडा लॅपटॉप आणि सर्व्हर आठवतो. यातलं काहीच लागत नाही. नोटपॅडमध्ये लिहून एचटीएमएल म्हणून सेव्ह केलेली फाइल नेट बंद असतानाही उघडते. फक्त आकडे कोडमध्येच लिहावेत. अशा पानाला शेजारची फाइल ब्राउझर सहसा वाचू देत नाही.

आकडे आपल्याच भागाचे घेऊ. २००१ ते २०११ या दोन जनगणनांमध्ये जळगाव जिल्हा ३६.८३ लाखांवरून ४२.३० लाखांवर गेला, धुळे १७.०८ वरून २०.५१ वर आणि नंदुरबार १३.१२ वरून १६.४८ वर.

कागदावर शून्य खाली असतं, म्हणून पडद्यावरही तसंच असणार, हा समज सगळ्यात जास्त छळतो. ब्राउझरमध्ये आकृती काढायच्या एसव्हीजीत शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय वाढला की आपण खाली सरकतो. त्यामुळे नवख्याचे स्तंभ वटवाघळांसारखे वरून लटकतात. आलेखाची उंची ४५० पिक्सेल आणि एका लाखाला १० पिक्सेल धरा. धुळ्याचा २०११ चा स्तंभ २०५ उंच. त्याचा वाय ४५० वजा २०५, म्हणजे २४५. प्रत्येक जिल्ह्याला १२० पिक्सेल जागा, प्रत्येक स्तंभाला ४०. जळगाव शून्यापासून, धुळे १२० पासून, त्यात दुसरा स्तंभ ४० पुढे: एक्स १६०. एक्स, वाय, रुंदी आणि उंची या चार संख्या एसव्हीजीच्या 'रेक्ट'ला, म्हणजे आयताला, दिल्या की स्तंभ उभा. २०११ मध्ये आलेली डीथ्री ही लायब्ररी हाच हिशेब करते: जागेचे समान पट्टे पाडणारी जिल्ह्यांची एक बँड स्केल, तिच्या पोटात वर्षांची दुसरी. लायब्ररीने काम सोपं होतं, पण तिच्यावाचून अडत नाही.

अक्ष शून्यापासून नसला तरी चालतं म्हणणाऱ्यांनी तो १० लाखांपासून सुरू करून पाहावा. २०११ मध्ये नंदुरबारच्या अडीच पट असलेला जळगाव पाच पट दिसू लागतो. हा आलेख नव्हे, थाप आहे.

स्तंभ शेजारी ठेवा नाहीतर एकावर एक रचा, हेही सारखं नाही. जळगावची दोन वर्षं रचली तर ७९ लाखांचा स्तंभ होतो. तेवढी माणसं जळगावात कधीच नव्हती. स्त्री-पुरुष अशी विभागणी असेल, तर रचणं शोभतं.

मराठी आकडे जमत नाहीत, हाही जुना समज. जावास्क्रिप्टच्या 'टूलोकेलस्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, असं सांगितलं, की धुळ्याची लोकसंख्या २०,५०,८६२ अशी, स्वल्पविरामांसकट छापली जाते.

आलेख तयार झाला की जळगावची पायरी सर्वांत उंच दिसते, साडेपाच लाखांची. म्हणून जळगाव सर्वांत वेगाने वाढला असं कोणी म्हणेल, पण टक्क्यांत तो सर्वांत मागे आहे: जळगाव १४.८६, धुळे २०.०८, नंदुरबार २५.६६. वेग दाखवायचा असेल तर टक्क्यांचा आलेख वेगळा काढावा लागतो, आणि त्यात जिल्ह्यामागे एकच स्तंभ पुरतो.