एक कळफलक, दोन संगणक

कला शाखेच्या अंकात संगणकाच्या तारांविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न जितका तारांचा, तितकाच आपल्या भाषेचाही आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तरी मराठी छपाईत ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर मराठी मजकूर जुळवला जाई. प्रत्येकीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी. म्हणून त्या काळच्या एखाद्या स्मरणिकेची फाईल आजच्या संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. पण रूपांतरात रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे जागा सोडतात. त्या दुरुस्त करायच्या, तर मूळ पान जुन्या संगणकावर पाहावे आणि सुधारणा नव्यावर करावी, हाच खात्रीचा मार्ग. सारखे इकडून तिकडे जावे लागते. आणि एका टेबलावर दोन पडदे, दोन कळफलक, दोन माऊस मावत नाहीत.

येथे केव्हीएम स्विच उपयोगी पडतो. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. वेळणेश्वर-गुहागरकडच्या आगरात पाटाचे पाणी फिरवताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे काम चटकन कळेल. विहीर एकच, बांध इथला फोडून तिथे घातला, की नारळीकडचे पाणी पोफळीकडे वळते. स्विचचे बटण दाबले, की कळफलक, माऊस आणि पडदा तसेच दुसऱ्या संगणकाकडे वळतात.

मात्र जुन्या-नव्याची जोडी जमवताना तीन अडचणी येतात. पहिली भाषेची. आयबीएमने १९८७ साली आणलेली पीएस/२ ही गोल, सहा टाचण्यांची जोडणी आणि १९९६ साली आलेली यूएसबी यांची संकेतभाषा वेगळी आहे. साधा जोड केवळ आकार बदलतो. कळफलकाला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो. एरवी आत दुभाष्या असलेला, म्हणजे संकेत बदलून देणारा जोड घ्यावा लागतो.

दुसरी अडचण हजेरीची. जुना संगणक सुरू होताना कळफलक जागेवर आहे का, हे तपासतो. त्या क्षणी स्विच दुसरीकडे वळलेला असेल, तर कळफलक नसल्याची तक्रार करून तो अडून बसतो. गंमत अशी, की पुढे जाण्यासाठी एफ-१ कळ दाबा, अशी सूचनाही पुष्कळदा तोच देतो! चांगला स्विच न निवडलेल्या संगणकालाही कळफलकाची हजेरी लावून देतो. विकत घेताना हे अवश्य विचारावे.

तिसरी अडचण चित्राची. १९८७ साली आलेली व्हीजीए जोडणी चित्र अखंड चढउताराच्या विद्युतसंकेतांनी पाठवते, एचडीएमआय आकड्यांनी. व्हीजीएचे एचडीएमआय करणारा जोड उलट दिशेने चालत नाही. दोन्ही जोडण्या असलेला पडदा मिळाला तर उत्तमच: मग स्विचवर केवळ कळफलक आणि माऊस ठेवावेत आणि चित्र पडद्याच्याच बटणाने बदलावे.

स्विच न घेता दर वेळी तारा काढून घालू, असे कोणी म्हणेल. पण पीएस/२ जोडणी संगणक चालू असताना काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नाही. त्यात यंत्राला इजा होऊ शकते. शिवाय बारीक टाचण्या वाकतात आणि समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो.

जुना संगणक कधीतरी बंद पडणारच. तो चालतो आहे तोवर त्यातील मराठी बाहेर काढणे, हे काम केवळ तंत्रज्ञांचे नव्हे. रफार कोणत्या अक्षरावर हवा, हे सांगायला भाषेचा विद्यार्थीच लागतो.