दया नको, दाद द्या!

पोस्टरवर नाव असायचं ‘ब्लाईंड बून’. म्हणजे आंधळा बून. पण त्याच्या कंपनीचं ब्रीदवाक्य होतं: ‘जिंकते ती गुणवत्ता, दया नव्हे!’ अंध, कृष्णवर्णीय आणि गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या माणसानं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत असं म्हणायला छाती लागते. जॉन विल्यम बूननं हे ब्रीद आयुष्यभर खरं करून दाखवलं.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. मालकाकडून पळालेली रेचल ही तरुणी मिसुरी राज्यातल्या उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत स्वयंपाक करत होती. तिथेच 17 मे 1864 रोजी जॉनचा जन्म झाला. सहा महिन्यांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी डॉक्टरांनी त्याचे दोन्ही डोळे काढले. बाळ वाचलं, ते कायमच्या काळोखात.

वॉरेन्सबर्ग गावात रेचल लोकांकडे घरकाम करी. पोराच्या कानाची करामत गावानं ओळखली आणि गावकऱ्यांच्याच मदतीनं तो सेंट लुईसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे त्याला पियानो भेटला. पण शाळेला त्याच्या हातांकडून झाडू बांधून हवे होते! मग हा पठ्ठ्या शाळा चुकवून बदनाम वस्तीत जाऊ लागला. तिथल्या गुत्त्यांमध्ये कृष्णवर्णीय वादक एक नवीच लय घोळवत होते. पुढे हीच लय ‘रॅगटाईम’ म्हणून गाजली. डावा हात घड्याळासारखा ठेका धरून ठेवतो आणि उजवा हात त्या ठेक्याला चकवत, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे सूर टाकत जातो. ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायला लागतात. या नादापायी जॉनचं नाव शाळेतून कमी झालं.

मग हाल सुरू झाले. आगगाडीत, रस्त्यात वाजवायचं आणि मिळेल ते खायचं. एका जुगाऱ्यानं तर त्याला पळवून नेऊन त्याच्या कमाईवर चैन केली. घरच्यांनी कशीबशी सुटका केली.

असं घडणारा तो काही एकटाच नव्हता. त्या काळी ‘ब्लाईंड टॉम’ हा अंध पियानोवादक देशभर गाजत होता. गुलाम म्हणून विकला गेलेला टॉम गुलामगिरी संपल्यावरही जुन्या मालकाच्या घराण्याच्याच ताब्यात राहिला. टाळ्या त्याला, पैसा त्यांना! बूनच्याही नशिबी तेच आलं असतं.

पण त्याला जॉन लँग भेटला. हा कोलंबिया गावचा कृष्णवर्णीय कंत्राटदार, स्वतःही गुलामीत जन्मलेला. 1880 मध्ये टॉमचा कार्यक्रम कोलंबियात झाला. तेव्हा टॉमनं वाजवलेलं बूननं ऐकून तसंच्या तसं वाजवलं म्हणतात. लँगनं बूनला हाताशी धरलं, पण मालक म्हणून नव्हे. पुढे दोघे भागीदार झाले आणि 1889 मध्ये लँगची बहीण युजेनिया बूनची पत्नी झाली.

बून कंपनी वर्षातले बरेच महिने फिरतीवर असे. अमेरिकेशिवाय कॅनडा आणि मेक्सिकोतही कार्यक्रम झाले. गोऱ्यांच्या हॉटेलांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद असण्याचा तो काळ. पण रंगमंचावर बून राजा होता! लिस्ट, शोपँ यांच्या अवघड रचना वाजवून झाल्या की तो कृष्णवर्णीयांची भजनं आणि शेतमळ्यांतली गाणी छेडी. गुत्त्यात ऐकलेली लय त्यानं प्रतिष्ठित सभागृहात आणून बसवली. प्रेक्षकांपैकी कुणीही पियानोवर काहीही वाजवावं, बून ते एकदा ऐकून तसंच वाजवून दाखवी.

18 एप्रिल 1880 रोजी मिसुरीतल्या मार्शफील्ड गावावर चक्रीवादळ कोसळलं. सुमारे शंभर माणसं दगावली. त्यावर बूननं रचलेली ‘मार्शफील्ड टॉर्नेडो’ इतकी हुबेहूब होती की ती ऐकताना खरंच वादळ आलं समजून लोक पळत सुटल्याचे किस्से सांगतात. ही रचना ना कागदावर उतरली, ना ध्वनिमुद्रित झाली. ती त्याच्याबरोबरच गेली.

सुदैवानं बाकीचं थोडं उरलं. 1908 आणि 1909 मध्ये त्याच्या दोन रॅग-मालिका छापल्या गेल्या. 1912 मध्ये त्याचं वादन पियानो-रोलवर नोंदवलं गेलं. हा छिद्रं पाडलेला कागद यंत्रपियानोत घातला की पट्ट्या आपोआप दबतात. असे रोल करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंतांत बूनची गणना होते.

1916 मध्ये लँग गेला आणि कंपनीचा कणाच मोडला. लोकांची आवडही बदलत होती. 4 ऑक्टोबर 1927 रोजी वॉरेन्सबर्गमध्ये बूनचं निधन झालं. कमाईतला बराच पैसा चर्च आणि शाळांना वाटणाऱ्या या माणसाच्या कबरीवर 1971 पर्यंत, म्हणजे 44 वर्षं, नावाचा दगडसुद्धा नव्हता!

पुढे कोलंबियातलं त्याचं घर जतन करण्यात आलं. 1991 पासून त्याच्या नावानं तिथे रॅगटाईम महोत्सव भरू लागला. देशोदेशीचे वादक तिथे त्याच्या रचना वाजवू लागले. हयातभर त्यानं मागितली होती ती दाद. उशिरानं का होईना, ती त्याच्या नावावर जमा झाली.