विहिरीला जरा दम घेऊ द्या



उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत एक मागणी ठरलेली असते. "ताई, बोअरला कर्ज पाहिजे, विहिरीला पाणीच नाही." दोन वर्षांपूर्वी मीही हाच अर्ज लिहिला होता. सही करणार तेवढ्यात गटातल्या मावशींनी विचारलं, "पाणी नाही म्हणजे किती नाही? मोजलंस का?" मोजलं नव्हतं.

मग मोजलं. रात्री नऊला मोटार बंद केली, सुतळीला दगड बांधून विहिरीत सोडला. दगड पाण्याला टेकला तिथे काठाशी गाठ मारली. पहाटे पाचला पुन्हा तसंच. दोन गाठींत अंतर निघालं दोन इंच. मला रडूच आलं. पण हिशोब वेगळाच होता. आमची विहीर गोल, 10 फूट रुंद. अशा विहिरीत एक इंच पाणी म्हणजे 180 लिटरच्या वर. दोन इंच म्हणजे साडेतीनशेच्या पुढे, तेही आठ तासांत. दिवस-रात्रीचे झाले हजारावर. घरात माणसं पाच. जलजीवन मिशनमध्ये माणशी 55 लिटर धरतात, म्हणजे 275. म्हशीला 70-80. पाणी पुरून उरत होतं की!

अडत होतं मोटारीपाशी. आमची 3 एचपीची मोटार थोड्याच वेळात तळ गाठायची, गाळ ओढायची आणि कोरडी फिरायची. त्यात तीन फेजची लाईट रात्रीच्या पाळीला, म्हणजे दोन वाजता उठायचं मी. विहिरीचं पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून झिरपतं, ते आपल्या घाईनं येत नाही. आणि विहिरीत पाणी जसं वर चढतं तसा झराही मंदावतो. म्हणून थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा उपसायचं.

घरासाठी आम्ही अर्धा एचपीची पाणबुडी मोटार बसवली. ती घरच्या सिंगल फेजवर चालते. गोठ्याशेजारी ओट्यावर हजार लिटरची टाकी ठेवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ वीस-वीस मिनिटं मोटार चालवते, बस्स. तळाचा गाळ काढून घेतला आणि मोटार बुडून राहील एवढा खड्डा एका कोपऱ्यात खोदून घेतला.

गाळ काढताना एक सांभाळा. विहिरीच्या आत डिझेल इंजिन कधीही उतरवू नका, त्याच्या धुरानं माणूस जागीच बेशुद्ध पडतो. बंद पडलेल्या विहिरीत तर एकट्या माणसाला उतरवूच नका. काम झाल्यावर टीसीएल किती टाकायची ते आरोग्यसेविकेला विचारा.

छपराचं पाणी विहिरीत सोडावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. 300 चौरस फूट पत्र्यावर 600 मिलिमीटर पावसाचं सोळा हजार लिटर पाणी पडतं. सोडा, पण पहिल्या पावसाचं नको, आणि वाळू-खडीच्या गाळणीतूनच. मात्र आषाढात सोडलेलं सगळं वैशाखापर्यंत आपल्याच विहिरीत थांबेल या भ्रमात राहू नका, मुरमातून ते पुढेही जातं.

मोजूनही पाणी कमीच भरलं तर बोअरचा विचार करा. काळ्या पाषाणात तो कोरडाही जातो, हप्ते मात्र सुटत नाहीत. माझा अर्ज अजून डब्यात तसाच आहे. यंदा ज्यांना बोअरसाठी कर्ज हवंय त्यांनी पुढच्या बैठकीला दोन गाठींची सुतळी घेऊन या, हिशोब तिथेच मिळून करू.