पाकीट उलटून वाचा (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात तेलाचा विषय झाला. आता पाकीटबंद खाण्याकडे वळायचं, तर आधी एक शंका दूर करायला हवी. प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट असेल, तर पोह्यांचं काय? तेही भात भिजवून, भाजून, चेपून तयार होतात. चक्कीवरचं पीठ, दही, भडभुंज्याकडचे फुटाणे, वर्षभराची भाजणी हीसुद्धा प्रक्रियाच. वाळवणं, भाजणं, आंबवणं यांनीच माणसाला दुष्काळातून तारलं आहे. त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते निराळ्या गोष्टीशी. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मॉन्तेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नोव्हा' नावाच्या वर्गीकरणात अन्नाचे चार गट केले. त्यातला चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. इथे धान्यातून स्टार्च, तेल, प्रथिनं सुटी काढतात, पुन्हा एकत्र जुळवतात आणि त्यांत रंग, स्वाद, इमल्सिफायर मिसळतात. शीतपेयं, इन्स्टंट नूडल्स, चिप्स आणि बहुतेक बिस्किटं याच गटातली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना दाखल करून घेतलं आणि दोन आठवडे असं अन्न, दोन आठवडे साधं अन्न दिलं. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू दोन्हीकडे जवळपास सारखे, आणि हवं तितकं खाण्याची मुभा. २०१९ साली निष्कर्ष आले. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले, भरभर खाल्ले आणि त्यांचं वजन वाढलं. मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते, की दोष या माणसांच्या संयमाचा नव्हता. हे अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच पोटात जातं. म्हणून "मनावर ताबा ठेव" असं मुलांना बजावत राहण्यात अर्थ नाही. पाकीट घरात न आणणं जास्त सोपं.

आणायचं की नाही हे ठरवायला पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पुढे गव्हाच्या लोंब्यांचं चित्र आणि 'मल्टिग्रेन' ही अक्षरं असतात, मागे पहिलं नाव मैद्याचं, मग साखर आणि पामतेल. ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केला आहे, त्याचं प्रमाणही मागे टक्क्यांत दिलेलं असतं. ते जरूर बघा. पुढच्या चित्रांनी आईवडिलांच्या काळजीचा असा फायदा उठवणं मला अत्यंत चुकीचं वाटतं. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादाच ५ ग्रॅमची आहे.

बहुतेक घरांत पाकीट फुटतं ते संध्याकाळी पाच-सहाला. मुलं शाळेतून, मोठी माणसं कामावरून भुकेली येतात आणि स्वयंपाकाला अवकाश असतो. बदल तिथूनच सुरू करावा. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो-काकडी चिरून घातलेली ओली भेळ, भाजणी असेल तर थालीपीठ. फरसाण आणि शेव मात्र बेतानेच, कारण घरचं असलं तरी मीठ आणि तेल तेच.

हे सगळं घरातल्या बाईच्या माथी मारलं, तर चार दिवसांत पाकिटं परत येतील, आणि त्यात तिची चूक नसेल. कांदा चिरणं, दाणे भाजणं हे काम नवऱ्याला आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही जमतं.

या रविवारी घरातली सगळी पाकिटं ओट्यावर काढा आणि मुलांकडून घटकांच्या याद्या मोठ्याने वाचून घ्या. जिथे पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल आलं, त्या पदार्थाचं नाव पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतून खोडा.