सगळे पासवर्ड एकाच पेटीत

शेतकरी बंधूंनो, बँकेचे, ई-मेलचे, योजनांच्या संकेतस्थळांचे तुमचे पासवर्ड आज कोठे आहेत? बऱ्याच जणांचे सेवा केंद्रातल्या पोराच्या वहीत! केंद्राला कुलूप लागले, अर्जाची मुदत उद्यावर आली, की मग धावाधाव. यावर पासवर्ड मॅनेजर हा उपाय आहे. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद पेटीत राहतात. पेटीची किल्ली, म्हणजे मुख्य पासवर्ड, तेवढा ध्यानात ठेवायचा.

अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा मॅनेजर आयताच मिळतो. फोन एकट्याच्या वापरात असेल तर तो पुरेसा आहे. पण होतं काय, ग्रामपंचायतीच्या सामाईक कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कोणी स्वतःचे खाते जोडून सिंक चालू केले, की घरचे पासवर्डही तेथे येऊन बसतात. पुढे खुर्चीत बसेल त्याला आयते ताट! ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे जरूर पाहावे. तसेच कार्यालयाचे पासवर्ड खाजगी खात्यात ठेवू नयेत, बदली झाली की घोळ होतो.

मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरणाऱ्यांनी बिटवॉर्डन घ्यावे, असे माझे मत. फुकट खात्यातही कितीही यंत्रे जोडता येतात. माहिती आपल्या यंत्रावरच कुलूपबंद होते व मग कंपनीच्या सर्व्हरवर जाते. रेंज गेली तरी फोनमधली जुनी नोंद वाचता येते, नवी भरायला मात्र रेंज लागते. लास्टपासने २०२१ साली फुकट खात्याला मोबाईल किंवा कॉम्प्युटर, दोन्हींपैकी एकच, अशी अट घातली. २०२२ साली त्यांच्या ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. अशा वेळी ज्याची किल्ली कच्ची, त्याची पेटी आधी फुटते. म्हणून मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा, चांगला लांब करावा. बैलाचे नाव, गट नंबर, जन्मसाल असले काही नको.

सिंक म्हणजे जादा प्रत, असा अनेकांचा समज आढळतो. तसे नाही. एका यंत्रावर नोंद पुसली, की दुसऱ्यावरूनही जाते. आणि मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही पेटी उघडून देत नाही. तो कागदावर लिहून खरेदीखताच्या पिशवीत ठेवावा, घरातल्या एका माणसाला जागा सांगून ठेवावी. फोन हरवल्यास आधी सिमकार्ड बंद करून घ्यावे, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंतर घरच्या दुसऱ्या यंत्रावरून मुख्य पासवर्ड बदलावा.