बॅकअपला दुसरे घर हवे

लग्नाचे फोटो, बाळाच्या पहिल्या पावलांचे चित्रीकरण, गृहकर्जाचे कागद, प्राप्तिकराची विवरणपत्रे... पूर्वी ट्रंकेत असणारा हा संसार आता संगणकात मावतो. सावध कुटुंबे त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवतात. पण ठेवतात कुठे? बहुधा संगणकाच्याच टेबलाच्या खणात! संगणक बिघडला तर ही प्रत नक्कीच उपयोगी पडेल. मात्र चोर शिरला तर तो संगणकाबरोबर खणही रिकामा करील आणि आग लागली तर दोन्ही एकदमच जळतील.

लोखंडी कपाटावर विसंबू नका

लोखंडी कपाट चोराला थोडा वेळ अडवते, आगीला नाही. पत्रा तापला की कपाटाची भट्टी होते. अग्निरोधक तिजोरी विकत घेतानाही ती कशासाठी बनवली आहे हे विचारून घ्या. कागदांसाठीच्या तिजोरीच्या प्रचलित कसोटीत आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले चालते, कारण तेवढ्या उष्णतेत कागद टिकतो. डिस्क ठेवण्यासाठीच्या तिजोरीत ही मर्यादा अवघी ५२ अंश आहे. म्हणजे ज्या तिजोरीत घराचे खरेदीखत सुखरूप राहील, त्याच तिजोरीत ठेवलेली डिस्क निकामी होऊ शकते.

म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचा बहुतेक भाग चुकीच्या आदेशामुळे संगणकावरून पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने तान्ह्या बाळाजवळ राहून काम करता यावे म्हणून एक प्रत घरी नेली होती. तीच कामी आली. पुढे त्या चित्रपटाची कथा बरीचशी नव्याने रचली गेली, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या बाबतीत हे दुसरे घर माहेर असू शकते, दिराचे किंवा नणंदेचे असू शकते. शेजारच्या फ्लॅटपेक्षा दुसरी वसाहत बरी. बँकेत लॉकर असेल तर उत्तमच. दोन डिस्क घ्या. सणासाठी दागिने काढायला जाल तेव्हा नवी प्रत लॉकरमध्ये ठेवा व जुनी घरी आणा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार बँकेत आग, चोरी वा दरोडा झाल्यास लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते. अर्थात या पैशाने फोटो परत मिळत नाहीत, तेव्हा घरची प्रतही जपावी.

चोराच्या हाती काय लागेल?

डिस्कची किंमत काही हजार रुपये. पण तिच्यातील पॅन कार्ड, बँकेचे तपशील, सह्यांच्या प्रती जास्त महाग पडतात. त्यामुळे डिस्क घराबाहेर देण्यापूर्वी बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्टसारख्या सोयीने तिला कुलूप लावून घ्या. पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही ती उघडणार नाही. तो कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला जागा सांगून ठेवा.

इंटरनेटवरील साठवणही सोयीची आहे. मात्र काही सेवांमध्ये संगणकावरून पुसलेला फोटो तिथूनही नाहीसा होतो, हे आधी तपासा. आणि सहा महिन्यांनी डिस्क बदलताना तिच्यातील पाच-दहा फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.